भाषण नको, कपाटाची किल्ली द्या

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. सतरा हजारांवर पुस्तकं आहेत. सकाळी पेन्शनर मंडळी पेपर वाचायला येतात, संध्याकाळी बायका कादंबऱ्या बदलायला. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका एमपीएससीच्या मुलांनी भरलेली असते. बालविभागात पाचवी-सहावीपर्यंतची मुलं येतात, मग गायब होतात. पुन्हा दिसतात ती थेट अभ्यासिकेत, गाइड घेऊन. मागच्या वाचन प्रेरणा दिनाला आम्ही निबंध स्पर्धा आणि व्याख्यान ठेवलं. शाळेने पाठवली म्हणून मुलं आली, सभासद एकही झालं नाही. कार्यकारिणी म्हणते, मोबाइलने वाटोळं केलं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी काय ठेवावं, काय करावं? पैसा बेताचाच आहे. शिवाय एक पेच आहे. दहावीतली एक मुलगी अभ्यासिकेत गणिताच्या पुस्तकात रहस्यकथा घालून वाचते. तिची आई म्हणते, 'मॅडम, तुम्हीच ओरडा तिला.' ओरडू का?

— एक ग्रंथपाल

उत्तर :

ताई, नमस्कार.

ओरडू नका. बाकी सगळं नंतर बोलू, आधी हे. त्या वयाची एक पक्की वाचक तुमच्या इमारतीत रोज येते आहे आणि तुमच्यापासूनच लपते आहे. आईची काळजी खोटी नाही, दहावीचं वर्ष आहे. म्हणून आईशी सरळ बोली करा : अभ्यासिकेत फक्त अभ्यास, आणि शनिवारी दुपारी तासभर खालच्या मजल्यावर हवं ते वाचन, तिच्या स्वतःच्या कार्डावर, उघडपणे. बहुतेक आया याला तयार होतात, कारण मुलगी कुठे आहे आणि काय वाचते आहे हे त्यांना कळतं. मग त्या मुलीला एकटीला गाठा आणि विचारा, 'पुढचं पुस्तक कुठलं हवंय? आपल्याकडे नसेल तर सांग.' आणि म्हणावं, येताना दोन मैत्रिणी घेऊन ये. तुमचा किशोरांचा गट इथून सुरू होईल, परिपत्रक काढून होणार नाही.

आता मोबाइलचं. कार्यकारिणीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मोबाइल वेळ खातो, खरं आहे. पण याच वयाच्या कितीतरी मुली प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर रोज रात्री प्रेमकथांचे भाग वाचतात आणि पुढच्या भागासाठी लेखिकेच्या मागे लागतात. मुलं जपानी ॲनिमे बघतात आणि त्याच गोष्टीची मांगा चित्रपुस्तकं फोनवर शोधून वाचतात, तीही उजवीकडून डावीकडे. याला वाचन म्हणायचं नसेल तर त्या पेन्शनर मंडळींच्या पेपर चाळण्यालाही म्हणू नका. त्यांना हवं ते तुमच्या कपाटात नाही, आणि असलंच तर कपाट बंद आहे.

कपाटाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण घोडं तिथेच अडतं. आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत अजून खिडकीतून देवघेव चालते. वाचकाने नाव सांगायचं, आतून पुस्तक यायचं. पंधरा वर्षांच्या मुलाला नाव ठाऊकच नसतं. त्याला हात लावून, मागचा मजकूर वाचून, चार पानं उलटून ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना कुणी आपल्याकडे बघू नये असंही वाटत असतं. सगळं वाचनालय मुक्तद्वार करणं जमणार नसेल तर एक घोडा, म्हणजे उघडी मांडणी, बाहेर काढा. जागा निवडताना एकच पथ्य पाळा : बालविभागाच्या आसपास नको. भिंतीवर ससा आणि हत्ती रंगवलेल्या खोलीत नववीतला मुलगा पाऊल टाकणार नाही. मासिकांच्या टेबलाजवळ ठेवा, खिडकीशी, जिथून रस्ता दिसतो.

त्या मांडणीवर काय ठेवायचं, हे तुम्ही ठरवू नका. मीही ठरवणार नाही. ग्रंथखरेदीच्या रकमेतून पाच हजार रुपये बाजूला काढा आणि ते पाच-सहा मुलांच्या हवाली करा. दर वर्षी ग्रंथालय संचालनालयातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतो, तिथे प्रकाशकांचे गाळे असतात. कार्यवाहांना सोबत घ्या, पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलांना घेऊन तिथे जा. म्हणावं, पाच हजारांत जी पुस्तकं बसतील ती तुमची, मात्र घासाघीस तुम्हीच करायची आणि बिल नीट घ्यायचं. परत आल्यावर दाखल नोंदवहीत नोंद, शिक्का, पाठीवरची चिठ्ठी, सगळं त्यांच्याच हातून करून घ्या. ज्या पुस्तकावर आपण स्वतः दाखल क्रमांक घातला ते पुस्तक कोण नेतं, कधी परत आणतं, यावर मुलं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत किशोरांचं सल्लागार मंडळ असतं आणि पुस्तकं, कार्यक्रम यांत त्याला बोलायचा हक्क असतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तर या वयासाठी वेगळी पुस्तकयादी १९२९ सालीच काढायला सुरुवात केली होती. आपण मात्र अजून बाल आणि प्रौढ असे दोनच रकाने भरतो आणि मधली मुलं दोन्हींतून निसटतात.

मुलं काय आणतील याची धास्ती वाटेल. भुताखेतांच्या गोष्टी आणतील, प्रेमाच्या आणतील, क्रिकेटपटूंची चरित्रं आणतील, शेअर बाजारातून श्रीमंत व्हायची पुस्तकंही आणतील. आणू द्या. मांगाचे दोन खंड आणले तर कार्यकारिणीतले कुणीतरी 'हे उलटं छापलंय, बदलून आणा' म्हणतील, तेवढं सांभाळून घ्या. आपली पिढीही धारपांच्या भयकथा पांघरुणात वाचूनच मोठी झाली आणि पुढे व्यवस्थित गंभीरही वाचू लागली. तुम्हाला स्वतःचं काही सुचवायचंच असेल तर यादी वाटू नका, चार पुस्तकं हळूच त्या घोड्यावर सरकवून द्या. त्यात मिलिंद बोकील यांची 'शाळा' असू द्या, कारण ती नववीतल्या मुलांची गोष्ट आहे आणि नववीतल्यांना ती कुणी वाचायला सांगितलेली नसते. विज्ञानकथांत जयंत विष्णू नारळीकर. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक तर हवंच. १९७१पासूनचे त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. ते मुलांपेक्षा त्यांचे वडील जास्त वेळ बघत बसतील, पण त्यानेही काही बिघडत नाही.

नारळीकरांवरून आठवलं, आणि हे तुमच्या निबंध स्पर्धेला थेट लागू आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आता तुमच्या मुलांची अडचण नेमकी उलट आहे : नाव कळलं तर वर्गात हसतील, घरी रागावतील. म्हणून निबंध स्पर्धा बंद करा आणि देवघेवीच्या टेबलाशेजारी एक पेटी ठेवा. टोपणनावाने गोष्ट, कविता, शाळेच्या बसमधला किस्सा, काहीही लिहून टाका. महिन्यातून एकदा मुलांनीच पेटी उघडायची, निवडायचं आणि भित्तिपत्रकावर लावायचं. कुणाचं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून टाइप करून लावलं तर उत्तमच. शुद्धलेखन सुधारायचा मोह आवरा. दिवाळीत त्याचाच हस्तलिखित अंक करता येईल. दिवाळी अंकांची आपली परंपरा का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, १९०९पासूनची. तुमच्या वाचनालयाचा स्वतःचा अंक मात्र अजून निघायचा आहे.

कार्यक्रमांचं सांगते. तुमचं व्याख्यान का पडलं, हे मी तिथे नसतानाही सांगू शकते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत आणि आभार. यात मुलांच्या वाट्याला एकच काम येतं : टाळ्या. 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य त्यांनी पहिलीपासून ऐकलेलं असतं. त्यामुळे पहिला नियम करा की किशोरांच्या शनिवारी माइक नाही, व्यासपीठ नाही, हार नाहीत. अध्यक्ष आले तर त्यांनाही सतरंजीवर बसवा.

आता दिवाळीच्या सुट्टीतला एक उपक्रम मी आवर्जून सुचवेन, कारण तो मुलांना मुळात येतोच : किल्ला. आपल्याकडे पोरं दगड, विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन अंगणात किल्ला उभारतात, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात, मावळे मांडतात. मात्र तो किल्ला बहुधा कुठलाच नसतो. एक डोंगर, एक दरवाजा आणि वर सिंहासन. जुलै २०२५मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. वाचनालयाच्या आवारात यांतला एकच किल्ला करायचा, पण खरा करायचा. समजा राजगड घेतला. तर मधोमध बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. कुठली माची कुठल्या दिशेला, पाली दरवाजा कुठून येतो, संजीवनीची तटबंदी दुहेरी का बांधली, हे चिखलात हात घातल्यावरच अडतं. मग पोरं धावत आत येतात आणि नकाशाचं पुस्तक मागतात. पुस्तकाला चिखल लागेल, लागू द्या. ट्रेकिंग करणारा एखादा काका गावात असतोच, त्याला बोलवा, पण भाषणाला नाही, चुका काढायला. सिंधुदुर्ग घेतलात तर आणखी मजा, कारण त्याचा दरवाजा समोरून दिसतच नाही आणि तो लपवायचा कसा यावर मुलांमध्ये दोन दिवस भांडण चालेल. दिवाळीत सगळं गाव किल्ला बघायला येतं. प्रत्येक वेळी दोन मुलांनी शेजारी उभं राहून माहिती सांगायची. त्यांनी काय काय वाचलंय ते तिथे आपोआप कळतं, निबंध लागत नाही.

दुसरं, माणसं उसनी देणं. डेन्मार्कमध्ये २०००च्या रॉस्किल्ड महोत्सवात 'मानवी ग्रंथालय' सुरू झालं. वाचकाने पुस्तकाऐवजी एका माणसाला थोड्या वेळासाठी घ्यायचं आणि त्याच्याशी बोलायचं, काहीही विचारायचं. तुमच्या तालुक्यात यासाठी माणसांची वानवा नाही : एसटीतल्या कंडक्टर ताई, सर्पमित्र, आशाताई, लग्नातल्या बँडचा क्लॅरिनेटवाला, मर्चंट नेव्हीतून परतलेला कुणी. एका वेळी चार मुलं आणि एक माणूस, वीस मिनिटं. आमदार आणि साहित्यिक कृपा करून नकोत, ते ऐकायचं विसरतात. अभ्यासिकेत बसणारा एमपीएससीचा एखादा दादाही घ्या. दोनदा पूर्वपरीक्षेत अडकलेला मुलगा जे सांगेल ते करिअर मार्गदर्शन शिबिरात कुणी सांगत नाही. शिवाय वरचा मजला आणि खालचा मजला यांची ओळख होईल, गोंगाटाच्या तक्रारी कमी येतील.

बाकीचं थोडक्यात. बुद्धिबळाचे दोन पट आणा, स्वस्त असतात आणि शांततेतही खेळता येतात. नागपूरची दिव्या देशमुख १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, त्यामुळे मुलींना पटावर बसायला आता कुणी कारण विचारत नाही. गच्चीवर अभिवाचन करा. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी वाचताना अडखळतात पण ऐकताना रमतात, आणि भयकथा अंधार पडल्यावरच वाचावी. जुन्या न उचललेल्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं वेष्टन घालून वर एकच ओळ लिहा, 'यात एक खून होतो आणि कुणालाच वाईट वाटत नाही', अशी. नाव घरी गेल्यावर कळेल. गावावर मराठी विकिपीडियात लेख नसेल किंवा दोनच ओळी असतील तर तो मुलांकडून लिहून घ्या. प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो, म्हणजे जिल्हा गॅझेटिअर आणि तुमचा धूळ खात पडलेला स्थानिक इतिहासाचा कोपरा एकदाचा उघडेल. घरी फोनवरच वाचणाऱ्यांना नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय दाखवून ठेवा, त्यात १४ ते १८ वयाचा वेगळा गट आहे.

वेळेचं मात्र नीट बघा, इथे चांगले बेत फसतात. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असेल तर शाळा आणि क्लासमधल्या मुलाला वेळ उरतच नाही. मुलींचं तर आणखी अवघड, दिवेलागणीनंतर घरून निघू देत नाहीत. रविवारी तुमचं वाचनालय बंद असेल तर आधी तो ठराव बदलून घ्या. शनिवारची दुपार किंवा रविवारची सकाळ, यापलीकडे मार्ग नाही. आणि मुली याव्यात असं वाटत असेल तर स्वच्छतागृह, जिन्यातला दिवा आणि फाटकाबाहेर टोळकी उभी राहणार नाहीत याची सोय, या तीन गोष्टी कुठल्याही पुस्तकाआधी करा.

वर्षातला सोन्याचा काळ तुम्ही वाया घालवताय, तोही सांगते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल लागेपर्यंत त्या मुलांना अक्षरशः काही काम नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना 'अभ्यास कर' म्हणत नाही. शेवटच्या पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर तुमची दोन मुलं उभी करा आणि चिठ्ठ्या वाटा : हॉल तिकीट दाखवा, निकालापर्यंत फुकट सभासद व्हा, अनामत नाही. अनामतीची रक्कम मुलाला वडिलांकडे मागावी लागते आणि तिथेच विषय संपतो. दंडाचंही तेच. चाळीस रुपये दंड झालेला मुलगा पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ऑक्टोबर २०२१मध्ये उशिराचा दंड कायमचा बंद केला आणि जुनी थकबाकी माफ केली, तेव्हा वर्षानुवर्षं घरात दडून राहिलेली पुस्तकं परत यायला लागली. तुम्ही निदान अठरा वर्षांखालच्यांचा दंड माफ करा. पुस्तक हरवलं तर किंमत घ्या, तेवढं पुरे.

राहिली कार्यकारिणी. तुमच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची तसबीर असेलच, १२ ऑगस्टला हार घालत असाल. त्यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं दुसरं आणि तिसरं, 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' आणि 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक', बैठकीत मोठ्याने वाचा आणि विचारा की तेरा ते अठरामधला वाचक आपण कुठे धरलाय. एवढ्याने पटणार नाही, म्हणून पैशांचंही बोला. अनुदानासाठी तपासणीला येणारे अधिकारी देवघेवीची नोंदवही बघतात आणि पेन्शनर वाचकांची संख्या दर वर्षी कमीच होणार आहे. मागताना मोठं मागू नका. एक घोडा, पाच हजार रुपये, शनिवारचे दोन तास, सहा महिन्यांसाठी. 'किशोर विभाग' असा फलक लावायचा आग्रह कुणी धरला तर टाळा, नाव मुलं ठेवतील. विचित्र ठेवतील, चालेल.

पहिल्या शनिवारी तीनच मुलं येतील. कार्यकारिणीला आकडा सांगायची घाई करू नका, आणि शाळेला पत्र पाठवून गर्दी तर मुळीच करू नका. शाळेने रांगेत आणलेली मुलं रांगेतच परत जातात, ते तुम्ही पाहिलंच आहे.

ता. क. : मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं असू द्या, त्यांतली एक बाई. मुलींचे फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, बातमीसाठी पत्रकार आला तरी पालकांना विचारल्याशिवाय नाही. आणि कोण काय वाचतं हे पालकांनी विचारलं तर 'तिलाच विचारा' म्हणावं. जिच्या आईशी आधीच बोली झाली आहे तेवढी एक सोडून.